झेंडू लावला, तरी टोमॅटोत अळी: सोबतीची पिकं फसतात कुठं, ते कसं शोधायचं

‘झेंडू लावलाय की दादा, तरी टोमॅटो पोखरलेत!’ नवरात्र जवळ आलं की आमच्या रोपवाटिकेत हे वाक्य ठरलेलं. माणसं बदलतात, तक्रार तीच. कुणाची अंगणात चार वाफ्यांची परसबाग असते, कुणाची गच्चीवर ग्रोबॅगची रांग, कुणाचा पाच गुंठ्यांचा घरच्यापुरता भाजीपाला. सगळ्यांनी ऐकलेलं असतं की भाजीशेजारी अमुक झाड लावलं की कीड येत नाही. कीड यायची ती येतेच, आणि मग ‘हे सगळं थोतांड आहे का?’ हा प्रश्नही.

थोतांड नाही. पण सोबतीचं पीक एका ठरावीक किडीसाठी, तिच्या वेळेला, पुरेशा संख्येनं लावावं लागतं आणि लावल्यावर त्याच्याकडे बघावंही लागतं. नुसतं ‘असू दे संरक्षणाला’ म्हणून वाफ्याच्या कडेला चार झेंडू लावले, तर तोरणाची सोय होते, टोमॅटोची होत नाही.

खाली आधी लक्षणं दिली आहेत, मग तपासण्या. ज्या फुकट आणि पटकन होतात त्या आधी, ज्यात झाड किंवा हंगाम खर्ची पडतो त्या शेवटी. क्रम सोडू नका. पुष्कळांचं काम पहिल्या तीन-चारांतच भागतं.

लक्षणं

- टोमॅटोला मोठं गोल भोक, अळीचं अर्धं अंग आत, अर्धं बाहेर. ही फळ पोखरणारी अळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटे अळीच.
- टोमॅटोच्या देठापाशी टाचणीनं टोचल्यासारखी बारीक भोकं आणि पानांवर फुगीर, पारदर्शक चट्टे. ही वेगळी कीड, टोमॅटोवरची नागअळी, ‘टुटा’. २०१४ साली ती भारतात पहिल्यांदा सापडली ती महाराष्ट्रातच.
- वांग्याचे कोवळे शेंडे मान टाकतात, बाकी झाड ठणठणीत.
- मिरचीची पानं आकसतात, वाट्यांसारखी वळतात. याला सगळे सरसकट बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात.
- कोबीच्या पानांची चाळण.
- दुपारी झाड कोमेजतं, संध्याकाळी सावरतं, वाढ खुंटलेली, खत घालूनही पानं फिकी.
- हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत खलास, पानं पिवळी व्हायलाही सवड नाही.
- दोडक्याला फुलं भरपूर, फळ एक धरत नाही.
- सोबतीचं झाड जोमात, भाजी मात्र लांबट आणि किडकिडीत. किंवा उलट, झेंडूवरच बारीक जाळी आणि पानं तांबूस.

या यादीतल्या निम्म्याअधिक गोष्टींशी झेंडूचा काहीच संबंध नाही. म्हणूनच पुढची पहिली तपासणी.

१. हे झाड कशासाठी लावलं होतं?

खर्च शून्य. कागदावर एका ओळीत लिहा: ‘अमुक झाड अमुक किडीसाठी.’ किडीचं नाव लिहिता आलं नाही, तर बिघाड इथंच सापडला.

सोबतीची पिकं चार प्रकारची कामं करतात. पहिलं सापळ्याचं: कीड भाजीपेक्षा ज्याच्यावर जास्त जाते असं झाड. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी मोहरी, पानं खाणाऱ्या अळीसाठी एरंड. दुसरं आडोशाचं: भोवती मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी. उडत येणारा मावा आधी त्यात अडकतो, मक्यात सोंड खुपसून बघतो, आणि काकडी-भोपळ्यावर मोझॅक (पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचा रोग) पसरवणारे जे विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकावर असतात, ते तिथंच बरेचसे पुसले जातात. पांढऱ्या माशीचं तसं होत नाही. पर्णगुच्छाचा, म्हणजे टोमॅटोची पानं आकसवणारा, विषाणू तिच्या पोटात असतो, त्यामुळे मका तिला अडवेल तेवढंच.

तिसरं काम मित्रकीटकांच्या, म्हणजे किडींवर जगणाऱ्या कीटकांच्या, खानावळीचं. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांची बारीक फुलं परोपजीवी गांधीलमाश्यांना आणि सिरफिड माश्यांना मध देतात. इथं अडचण स्वयंपाकघरातली आहे: आपली कोथिंबीर फुलायच्या आत आमटीत जाते, मग त्या माश्या येणार कशावर? चार रोपं फुलायला सोडा.

चौथं काम जमिनीतलं. त्याकडे सातव्या तपासणीत येतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहेत.

‘वासानं कीड पळते’ हे काम मी यादीत घेतलेलं नाही. इंग्लंडमध्ये वेल्सबर्नला स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी कोबीच्या मुळावरच्या माशीवर बरीच वर्षं काम केलं. उग्र वासाची झाडं बिनवासाच्या झाडांपेक्षा जास्त उपयोगी पडतात असं त्यांना आढळलं नाही. माशी कोबीच्या वासानं जवळ येते आणि मग समोर दिसेल त्या हिरव्या गोष्टीवर उतरते. दोन-चारदा चुकीच्या पानावर उतरली की कंटाळून निघून जाते. कोबीभोवती नुसते हिरव्या कागदाचे तुकडे ठेवले तरी गोंधळ होतो. म्हणजे फायदा झाला तर तो दाटीचा आणि हिरवाईचा. दहा फुटांवर तुळशीची एक कुंडी ठेवून तो मिळत नाही. टोमॅटोशेजारी तुळस लावली की टोमॅटोची चव सुधारते असंही सांगतात. मला तरी ती कधी लागली नाही.

२. पान उलटा, कागदावर टिचकी मारा

लागतं काय, तर एक पांढरा कागद आणि जमल्यास शंभर-दीडशे रुपयांचं भिंग.

मिरचीचा शेंडा कागदावर धरून टिचकी मारा. पिवळसर, सुईच्या टोकाएवढे लांबुळके जीव तुरुतुरु धावले, तर फुलकिडे. बोकड्या झालेलं पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा: कडा वर वळून होडी झाली असेल तर फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं असेल तर कोळी (घरातला नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड). पान बारीक, जाडसर, शिरा पिवळ्या आणि झाड हलवल्यावर पांढऱ्या माश्या उडाल्या, तर विषाणू.

हे का बघायचं? कारण फुलकिडे झेंडूच्या फुलातही सुखानं राहतात. मिरचीत फुलकिडे असताना शेजारी झेंडू वाढवणं म्हणजे त्यांना आणखी एक घर बांधून देणं. लाल कोळ्याचं तर विचारू नका. पाऊस उघडून ऊन तापलं की तो आधी झेंडूवर दिसतो, मग वांग्यावर आणि टोमॅटोवर उतरतो. जाळी धरलेला झेंडू ठेवून उपयोग नाही. थोडं असेल तर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, जास्त असेल तर झाड पिशवीत घालून बागेबाहेर काढा.

वांग्याचा शेंडा मान टाकत असेल, तर तो सुकलेल्या भागाच्या बोटभर खाली कापा आणि उभा चिरा. आत गुलाबीसर पांढरी अळी मिळेल. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी खोडाच्या आत राहते, झेंडूकडे ती फिरकत नाही. मध्ये कोथिंबिरीच्या किंवा बडीशेपेच्या ओळी घेतल्या की प्रादुर्भाव थोडा कमी होतो असे प्रयोग आहेत, पण घरच्या बागेत खरा फरक पडतो तो मलूल शेंडे दर आठवड्याला कापून नष्ट केल्यानं आणि कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारा) टांगल्यानं. टुटा नागअळीचंही तेच. तिथं झेंडूच्या भरवशावर बसू नका.

३. ऊन, अंतर, पाणी

गच्चीवरच्या बागेत निम्मी भांडणं याचीच. आफ्रिकन झेंडू, आपला मोठ्या गोंड्याचा, बघता बघता कमरेएवढा होतो. बारा इंची कुंडीत तो आणि टोमॅटो एकत्र लावले तर मुळांना जागा एकाचीच, पाणीही एकाचंच. मग टोमॅटो सुकतो, पांढरा पडतो, त्यावर कीडही लवकर बसते आणि खापर फुटतं ‘सोबतीच्या पिकांवर’.

टोमॅटोला निदान सहा तास ऊन हवं. सोबती वेगळ्या कुंडीत, उत्तरेला किंवा पश्चिमेला ठेवा, म्हणजे सकाळच्या उन्हात सावली पडणार नाही. पुदिना कुणाच्याही वाफ्यात सोडू नका, तो सोबत करायला येतो आणि सातबाऱ्यावर नाव लावतो.

मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची पद्धत पुष्कळ जण करून बघतात. ती उत्तर अमेरिकेतल्या हौदेनोसौनी आणि इतर मूलनिवासी लोकांची, आणि त्यांच्या शेतात ती उत्तम चाले. पण तो मका वाळलेल्या दाण्यांचा, अंतर भरपूर, तिन्ही पिकं अखेरीला एकत्र काढायची. आपण हेच पंधरा लिटरच्या बॅगेत स्वीटकॉर्न घेऊन करतो आणि कणसं तोडायला भोपळ्याच्या वेलातून वाट काढतो. आपल्याकडची ज्वारी-तूर बघा. ज्वारीची मुळं वर पसरतात, तुरीचं सोटमूळ खोल जातं. ज्वारी दिवाळीच्या सुमारास निघते आणि मग तूर मोकळ्या रानात पसरून माघ-फाल्गुनापर्यंत उभी राहते. दोघींची गरज वेगळ्या थरातली, वेगळ्या महिन्यातली. आपल्या वाफ्यातली जोडी या दोन कसोट्यांना उतरते का, ते बघा.

४. वेळ जुळली का?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात जास्त बिघाड इथंच निघतो.

फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग रात्री येतो आणि अंडी घालायला फुलं-कळ्या शोधतो. झेंडूची पिवळी-केशरी फुलं त्याला टोमॅटोपेक्षा जास्त ओढतात, पण त्यासाठी टोमॅटो फुलात येईल तेव्हा झेंडूही फुलात पाहिजे. लोक दोन्हीची रोपं एकाच दिवशी, एकाच वयाची नेतात. टोमॅटो आधी फुलतो, झेंडू अजून पानांतच असतो. पतंगाला पर्यायच नाही.

बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस यासाठीच अशी आहे: झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घेऊन दोन्ही एकाच वेळी लावायची. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. म्हणजे झेंडूचं बी टोमॅटोच्या जवळजवळ तीन आठवडे आधी टाकायचं. रोपं विकत घेत असाल तर कळी दिसायला लागलेलाच झेंडू मागा. रोपवाटिकेत असा झेंडू ‘जुना झाला’ म्हणून मागं ढकललेला असतो, तुम्हाला नेमका तोच हवा.

मोहरीचंही असंच. कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी, त्यातली एक कोबीच्या लागवडीआधी १५ दिवस आणि दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी पेरायची. दोनदा का? मोहरी लवकर म्हातारी होते. पहिली ओळ निबर झाली की पतंग परत कोबीवर येतात, तेव्हा दुसरी कोवळी तयार पाहिजे.

आणि आता दसरा. सप्टेंबरात लावलेला टोमॅटो फुलात येतो नेमका तेव्हाच, आणि त्याच सकाळी घरातलं कुणीतरी टोपली घेऊन झेंडूची सगळी फुलं खुडतं. सापळा एका सकाळीत उठला. तोरण करू नका असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही. निम्मी झाडं देवाची, निम्मी टोमॅटोची, अशी वाटणी आधीच करा आणि टोमॅटोच्या झाडांना खुणेची दोरी बांधा. दिवाळीच्या पाडव्यालाही तोच नियम.

५. संख्या

दहा-बारा टोमॅटोंना कडेनं दोन-तीन झेंडू सापळ्यासाठी पुरतात. वाढवून फायदा वाढत नाही, जागा मात्र जाते. आडोशाला मात्र उलट: मक्याची एक विरळ ओळ म्हणजे नसल्यासारखीच. दोन ओळी, दाट, वाऱ्याच्या बाजूनं आणि भाजीच्या आधी पेरलेल्या हव्यात. मका गुडघ्याएवढा असताना काकडी शेंड्यापर्यंत चढली असेल तर तो आडोसा कसला?

६. सापळा रिकामा करता का?

सापळा पीक कीड मारत नाही. फक्त एका जागी आणते. पुढचं काम तुमचं आहे, आणि ते केलं नाही तर तुम्ही बागेच्या मधोमध किडीची पैदास केंद्रं उघडली आहेत. ‘झेंडू लावल्यापासून अळी वाढली’ असं म्हणणारे लोक खोटं बोलत नाहीत.

आठवड्यातून दोनदा झेंडूच्या कळ्या बघा. दोनदा अशासाठी, की अंड्यातून अळी तीन-चार दिवसांत बाहेर येते आणि कळीत शिरली की दिसत नाही. अंडं एकेकटं घातलेलं असतं, खसखशीएवढं, पिवळसर पांढरं. अळी शिरलेली कळी ओळखायला ती दोन बोटांत धरून हलकेच दाबा. आत खाल्लेलं असेल तर पोकळ लागते. खालच्या हिरव्या भागावर भोक दिसेल आणि भोकाशी ओलसर काळपट लेंड्या. अशी कळी खुडून साबणाच्या पाण्यात टाका. कंपोस्टच्या ढिगात नको, अळी तिथून चालत येते.

मोहरीवरची पानं अळ्यांनी भरली की ती पानं काढा किंवा फक्त मोहरीवर निंबोळी अर्क ५ टक्के फवारा. मोहरीवर वेळच्या वेळी फवारणी हा मूळ शिफारशीचाच भाग आहे. तेवढा भाग सोयीस्करपणे गळतो आणि ‘मोहरी लावा, कोबी वाचवा’ एवढंच उरतं.

याच तपासणीत आणखी एक बघा: तुम्ही मित्रकीटकांनाच मारत नाही ना? चवळीवर किंवा मोहरीवर मावा दिसला की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. थांबा. माव्यात लांबट, काळसर, नारंगी ठिपक्यांची, सहा पायांची अळी फिरताना दिसली तर ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पोर आहे, आणि मावा खायलाच आली आहे. ढालकिडा सगळे ओळखतात, त्याच्या पोराला मात्र चिरडतात. तिला आठवडाभर मोकळं सोडा. दशपर्णी, तिखट-लसूण काढा वगैरे ‘नैसर्गिक’ आहे म्हणून चार-चार दिवसांनी सगळ्या बागेवर शिंपडणाऱ्यांनीही हे वाचावं. फुलांवर फवारू नका, आणि फवारायचंच असेल तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी.

दोडक्याला फळ धरत नाही ही तक्रार इथंच मिटवून टाकू. भोपळा, काकडी, कारलं यांची फुलं पहाटे-सकाळी उमलतात, मधमाश्यांची वेळ तीच. तिथं शेजारी फुललेली तुळस किंवा सूर्यफूल खरंच उपयोगी पडतं. दोडका आणि दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या परतीला लागलेल्या असतात. त्यांना कितीही तुळस लावा. दिवेलागणीला नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला टेकवा, काम होतं.

७. एक झाड उपटा

इथपर्यंत काही सापडलं नाही आणि झाड दुपारी कोमेजून संध्याकाळी सावरत असेल, तर त्यातलं एक बळी द्या. हिसका मारून उपटू नका, बारीक मुळं तुटून जमिनीतच राहतात. खुरप्यानं भोवती मोकळं करून मातीसकट काढा आणि बादलीतल्या पाण्यात मुळं हलवून धुवा.

मुळांवर गाठी असतील तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या. फक्त चवळी-घेवड्याच्या मुळावर फसू नका, तिथं नत्राच्या गाठीही असतात. नखानं टोका: नत्राची गाठ मुळाला चिकटलेली असते, सहज सुटते आणि चिरली तर आतून गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं.

आता तो गैरसमज. ‘झेंडू सूत्रकृमी मारतो’ हे खरं आहे. त्याच्या मुळांत अल्फा-टरथायनिल नावाचं द्रव्य असतं आणि अनेक जातींच्या सूत्रकृमींची वाढ त्या मुळांत होत नाही. पण हा परिणाम झेंडूच्या मुळांजवळच राहतो. टोमॅटोच्या पाच झाडांमध्ये एक झेंडू लावून टोमॅटोची मुळं वाचत नाहीत. उपयोग होतो तो सगळा वाफा दोन ते तीन महिने नुसत्या झेंडूनं भरला, त्यात दुसरं काही, अगदी तणसुद्धा, ठेवलं नाही आणि मग झाडं तिथंच बारीक करून गाडून त्या जागी टोमॅटो लावला तर. हे सोबतीचं पीक नाहीच, फेरपालट आहे. एक वाफा पावसाळ्यात झेंडूला द्या, दसऱ्याला फुलं विका, नंतर टोमॅटो लावा. पैसेही सुटतात.

जोडीला एप्रिल-मेमध्ये वाफा खोल खणून, ओला करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवा आणि लागवडीआधी चौरस मीटरला पावशेरभर निंबोळी पेंड मिसळा. गाठी सापडलेल्या वाफ्यात लगेच भेंडी, वांगं किंवा काकडी घेऊ नका, सूत्रकृमींना ती सगळी आवडतात.

नत्राचंही असंच. घेवडा किंवा चवळी शेजारच्या भाजीला चालू हंगामात फारसं नत्र देत नाही. ते तिच्या स्वतःच्या शेंगांत आणि मुळांत जातं. शेंगा तोडून झाल्यावर वेल मुळासकट उपटू नका, बुडाशी कापा. मुळं जमिनीत कुजली की पुढच्या पिकाला मिळतं.

८. काचेचा ग्लास

झाड हिरवंगार असताना दोन-तीन दिवसांत कोसळलं असेल तर खोडाचा बुडाकडचा बोटभर तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात कापलेली बाजू खाली ठेवून, तुकडा टांगता राहील असा धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ पांढरे धागे पाण्यात उतरायला लागले, तर जिवाणूजन्य मर. कोकणात आणि गोव्यात टोमॅटो, वांगं, मिरचीला ही फार. तिथल्या ओल्या, आम्लधर्मी जमिनीत ती मुक्कामालाच असते.

धागे दिसले की सोबतीच्या पिकांचा विषय संपला. झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा, त्या वाफ्याचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका, खुरपं धुऊन वाळवा. पुढच्या खेपेला वाण बदला. अर्का रक्षक हा टोमॅटोचा संकरित वाण जिवाणूजन्य मर, पर्णगुच्छ विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. मधली दोन-तीन वर्षं त्या जागी मका किंवा पालेभाज्या घ्या.

९. निम्मा वाफा उघडा ठेवा

सगळं नीट करूनही ‘आपल्याकडे चालतं का’ हा संशय उरला तर याला पूर्ण हंगाम लागतो, म्हणून हे शेवटी. एकाच वाणाची, एकाच दिवशी लावलेली रोपं, एकाच पाण्यावर, दोन ठिकाणी. एकीकडे झेंडू, दुसरीकडे नाही, आणि मध्ये शक्य तितकं अंतर. प्रत्येक तोडणीला पोखरलेली फळं आणि चांगली फळं वेगळी मोजून कॅलेंडरवर लिहा. आठवणीवर सोडलं तर झेंडू आवडणाऱ्याला झेंडू जिंकलेला दिसतो. बहुतेकांना अळी पूर्ण गेलेली दिसणार नाही, कमी झालेली दिसेल. ती किती कमी झाली की तुम्हाला परवडतं, हे तुम्हीच ठरवा.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

ग्लासात दुधाळ धागे दिसले. चार दिवसांत निम्म्याहून जास्त झाडं गेली. तीन वाफ्यांत उपटलेल्या तिन्ही झाडांना गाठी निघाल्या. किंवा विक्रीचं पीक आहे आणि नुकसान खर्चाच्या पुढं चाललंय. यातलं काहीही झालं तर घरगुती उपाय बंद करा. विशेषतः सूत्रकृमीनाशक औषधं दुकानदाराच्या सांगण्यावरून आणून घरच्या भाजीत टाकू नका. ती जहाल असतात आणि मात्रा चुकली तर ताटात येतात.

जवळचं कृषी विज्ञान केंद्र गाठा, किंवा राहुरी, दापोली, अकोला, परभणी यांपैकी तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग. गोव्यात असाल तर जुने गोवे इथली केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था. फोनवर आधी विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

नुसता फोटो नेऊ नका. आजारी पण अजून जिवंत झाड मुळांसकट न्या, मेलेल्या झाडात दुसरेच जंतू भरलेले असतात. सूत्रकृमीसाठी वाफ्यातल्या पाच-सहा ठिकाणांहून, झाडाच्या बुडाजवळ वीतभर खोलीवरची माती बारीक मुळांसकट घ्या, एकत्र मिसळून त्यातली अर्धा किलो प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. माती सुकवू नका, साध्या माती परीक्षणासाठी सुकवतात ती गोष्ट वेगळी. इथं सूत्रकृमी जिवंत पोचले पाहिजेत, म्हणून पिशवी सावलीत ठेवा, गाडीच्या डिकीत अजिबात नको, आणि एक-दोन दिवसांत पोचवा. चिठ्ठीवर आधीच्या हंगामातलं पीक, पाण्याची सोय आणि गेल्या महिन्यात काय काय फवारलं ते खरं खरं लिहा. तिथल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो.